उताराचा नकाशा आणि नव्वद अंशांचा घोटाळा



समतल चर कोठे खणावेत, नालाबांध कोठे घालावा, हे ठरवताना आता संगणकावर काढलेला उताराचा नकाशा पुढे ठेवतात. नकाशा चुकला तर चर भलत्याच जागी जातात. मजुरी आणि पावसाळा, दोन्ही वाया. म्हणून हे नकाशे कोठे फसतात, एवढेच आज पाहू.

उंचीचा रास्टर म्हणजे चौकटीच्या वहीचे पान समजा. दर घरात एक आकडा, त्या जागेची उंची. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बऱ्याच मोठ्या भागाची उंची मोजली. ते आकडे आज फुकट मिळतात. त्यातले एक घर साधारण तीस मीटरचे. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन त्यावरून उतार काढता येतो.

पण पुष्कळदा होते काय, की सगळा तालुका नव्वद अंशांचा कडा होऊन बसतो! भाताची खाचरेसुद्धा उभी भिंत. आणि गंमत अशी की संगणक चूक झाली म्हणून सांगत नाही. मुकाट्याने नकाशा हातात देतो. तांबड्या अक्षरांत ओरडणारी चूक मला बरी वाटते, ही गप्प राहणारी फार वाईट.

कारण साधे आहे. उतार म्हणजे चढ भागिले आडवे अंतर. उंची मीटरमध्ये आहे, पण मूळ फाइलमध्ये आडवे अंतर अक्षांश-रेखांशांच्या अंशांत आहे. एका घराची रुंदी ०.०००२८ अंश. तीन मीटरच्या चढाला खरे म्हणजे तीसने भागायचे. उत्तर येते पावणेसहा अंशांच्या आसपास. संगणक भागतो ०.०००२८ ने, आणि उत्तर जाते ८९.९९ वर.

उपाय असा, की उतार काढण्यापूर्वी रास्टर मीटरच्या प्रक्षेपणात न्यावा. महाराष्ट्राचा ७८ रेखांशाच्या पश्चिमेकडील भाग यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात येतो. नागपूर, चंद्रपूर ४४ व्या. येथे आणखी एक खाचखळगा आहे. प्रक्षेपणाचे नाव बदलणे वेगळे आणि प्रक्षेपण बदलणे वेगळे. नुसते नाव बदलले तर आकडे जुनेच राहतात, आणि आपला तालुका कुठल्या कुठे जाऊन पडतो. पोत्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतल्या ज्वारीचा गहू होत नाही. त्यासाठी रास्टरच्या मेनूतील ‘वार्प’ हेच साधन वापरावे.

वार्प करताना नवी घरे जुन्या घरांवर तंतोतंत बसत नाहीत, म्हणून नवा आकडा कसा काढायचा ते तो विचारतो. उंचीसाठी शेजारच्या घरांची सरासरी चालते. जमीनवापराच्या नकाशाला मात्र ती मुळीच लावू नये. समजा पिकाला २, पाण्याला ३ आणि पडीक जमिनीला ४ असा क्रमांक आहे. २ आणि ४ ची सरासरी ३. म्हणजे पीक आणि पडीक यांच्या बांधावर तळे उगवले! तेथे जवळच्या घराचा आकडा जसाच्या तसा घ्यावा.

रडारला जेथे काही दिसले नाही, तेथे जुन्या फाइलींत –३२७६८ हा आकडा भरलेला असतो. तो ‘माहिती नाही’ म्हणून नोंदवला नसेल, तर संगणक तेथे बत्तीस किलोमीटर खोल विहीर मानतो.

बाकीच्या अडचणी किरकोळ. दोन रास्टरांची बेरीज रिकामी आली तर दोघांचे क्षेत्र एकमेकांवर येते का ते बघा. साधन मध्येच थांबले तर फाइलीचे नाव आणि फोल्डरचा मार्ग साध्या रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहून पाहा. काही साधने देवनागरी नावाला अडतात.

शिक्षकांनी वर्गात एक पडताळा जरूर घ्यावा. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. शिखरावरच्या घरावर टिचकी मारून आकडा वाचावा. तीस मीटरच्या घरात टोक बोथट होते, तेव्हा थोडा कमी येईल. शून्य किंवा पाच हजार आला, तर उतार काढण्याची घाई करू नये.