तंजावरची उष्ण रात्र आणि शीत कॅमेरा

वैशाखातील रात्री तंजावरच्या दक्षिण आकाशात नरतुरंग तारकासमूह चांगला वर येतो. त्यातील एन.जी.सी. ५१२८ ही दीर्घिका सुमारे १ कोटी २० लक्ष प्रकाशवर्षे दूर आहे. महाराष्ट्रापेक्षा येथून ती अधिक उंच दिसते. परंतु तिच्या दर्शनाचा हा काळ कडक उन्हाळ्याचाही होय. हौशी छायाचित्रकाराची अडचण येथेच सुरू होते.

अंकीय कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकॉनचा संवेदक असतो. प्रकाश पडला म्हणजे त्यात इलेक्ट्रॉन मुक्त होतात. त्यांच्या मोजणीतून चित्र तयार होते. परंतु इलेक्ट्रॉन उष्णतेनेही सुटतात, आणि झाकण लावलेल्या कॅमेऱ्यातही खोटे ठिपके उमटतात. साधारणतः दर ६ अंश सेल्सिअसला त्यांची संख्या दुप्पट होते. म्हणजे संवेदक २७ अंशांवरून उणे ३ अंशांपर्यंत थंड केला, तर ती पाच वेळा निम्मी होऊन बत्तिसाव्या हिश्शावर येते.

हे काम वीज करते. दोन भिन्न वाहकांच्या सांध्यांतून प्रवाह सोडल्यास एक सांधा थंड व दुसरा उष्ण होतो, हे पेल्तिए यांना १८३४ मध्ये आढळले. उष्ण बाजूची उष्णता छोटा पंखा बाहेर टाकतो. कावेरीकाठच्या दमट हवेचे दव संवेदकावर जमू नये म्हणून त्याची कुपी बंद व कोरडी ठेवतात.

शहरातील दिव्यांचा उजेड मात्र शीतनाने जात नाही. त्यासाठी अंधारी जागाच शोधावी लागते.