अनुमस्तिष्काची कार्यविभागणी

मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज अनुमस्तिष्कात, म्हणजेच लहान मेंदूत असतात. तथापि शरीराचा तोल व हालचालींची सुसूत्रता एवढेच त्याचे कार्य, असे दीर्घकाळ मानले गेले. १९९८ मध्ये श्माहमान आणि शर्मन यांनी या भागाचे विकार झालेले २० रुग्ण तपासून नियोजन, भाषा आणि भावना यांतही बिघाड होतो, असे दाखवून दिले.

मग कोणता भाग कोणते कार्य करतो? शरीररचनाशास्त्राने पृष्ठभागावरील खाचांवरून अनुमस्तिष्काच्या दहा खंडिका मानल्या आहेत. २०१९ मध्ये किंग, डीड्रिक्सन प्रभृती संशोधकांनी २४ व्यक्तींना एमआरआय यंत्रात २६ प्रकारची कामे करावयास दिली आणि त्यांवरून कार्याचे दहा प्रदेश आखले. संख्या तीच, परंतु सीमा मात्र जुळल्या नाहीत. एकाच खंडिकेत भिन्न कार्यांचे प्रदेश आढळले.

यावरून आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की, डोळ्यांना दिसणारी खाच ही कार्याची सीमा नव्हे. म्हणूनच अनुमस्तिष्काला इजा झालेल्या रुग्णाची चाल सुधारली, एवढ्यावरून तो पूर्ण बरा झाला असे समजू नये. त्याचे बोलणे, विचार आणि भावना यांचीही तपासणी झाली पाहिजे.