माजी सैनिकांचे निवृत्तिवेतनविषयक दावे आणि सशुल्क साहाय्याचे नियमन : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे तालुके शेतीप्रधान असले, तरी येथील अनेक कुटुंबांना सैन्यसेवेची परंपरा आहे. सैनिक निवृत्त होऊन गावी परततो तेव्हा त्याचा शासनाशी असलेला संबंध संपत नाही. निवृत्तिवेतन, विकलांगता निवृत्तिवेतन आणि त्याच्या पश्चात पत्नीस मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन यांसाठी कागदोपत्री व्यवहार दीर्घकाळ चालू राहतो. हा व्यवहार स्वतः करणे ज्यांना शक्य नसते, ते मोबदला देऊन कोणाची तरी मदत घेतात. अशा मदतीचे नियमन कोण करतो व कोणत्या कायद्याने करतो, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

या तालुक्यांतील शेतकऱ्यास एक तुलना सहज समजेल. नारायणगाव किंवा मंचर येथील बाजारात त्याचा माल विकणारा अडत्या परवानाधारक असतो. महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायदा, १९६३ अन्वये त्याच्यावर बाजार समितीचे नियंत्रण असते. विक्रीनंतर शेतकऱ्याच्या हाती हिशेबाची पट्टी पडते. फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असा बदलही राज्यात २०१६ मध्ये झाला. टोमॅटोच्या व्यवहारातील मध्यस्थास परवाना लागतो. सैनिकाच्या निवृत्तिवेतनाच्या दाव्यातील मध्यस्थास मात्र तो लागत नाही.

दाव्याचे स्वरूप व अडचणी :

विकलांगता निवृत्तिवेतनासाठी आजार वा इजा सैन्यसेवेमुळे उद्भवली किंवा सेवेमुळे बळावली, हे ठरावे लागते आणि विकलांगतेचे प्रमाण साधारणतः २० टक्के वा अधिक असावे लागते. हा निर्णय वैद्यकीय मंडळाच्या अहवालावर अवलंबून असतो. सैन्यात प्रवेश करताना ज्या आजाराची नोंद नव्हती, त्याबाबतच्या गृहीताचा लाभ सैनिकास मिळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंह प्रकरणी २०१३ मध्ये स्पष्ट केले. तथापि अहवाल वाचून त्यातील त्रुटी दाखविणे हे सामान्य अर्जदाराच्या आवाक्यातील काम नाही.

कुटुंब निवृत्तिवेतनातील अडचण वेगळी असते. सैन्याच्या अभिलेखात पत्नीचे नाव एक आणि आधारपत्रावर दुसरे, जन्मतारखेतील तफावत, विवाहाची नोंदच नसणे, अशा कारणांनी प्रकरणे अडून राहू शकतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगावला आहे, निवृत्तिवेतन मंजूर करणारे प्रधान लेखा नियंत्रक कार्यालय प्रयागराजला आहे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पुण्यास आहे. २०२१ पासून ‘स्पर्श’ ही संगणकीय प्रणाली लागू झाली. तिच्यामुळे प्रवास कमी झाला, परंतु संगणक, परवलीचा शब्द आणि मोबाईलवर येणारा ओटीपी हाताळण्याची नवी गरज निर्माण झाली. डिंभे धरणाच्या वरच्या अंगास राहणाऱ्या वृद्ध वीरपत्नीसाठी हे सोपे नाही.

साहाय्यकांचे प्रकार व मोबदला :

साहाय्य करणारे सर्वसाधारणपणे चार प्रकारचे असतात : गावातील अनुभवी माजी सैनिक, सेवा केंद्राचा चालक, खासगी सल्लागार किंवा दलाल, आणि वकील. यांतील प्रत्येकाच्या श्रमास मूल्य आहे. म्हणून मोबदला घेणे हाच दोष मानता येणार नाही. दोष मोबदल्याच्या पद्धतीत संभवतो. उदाहरणादाखल, नावातील दुरुस्ती होताच एखाद्या विधवेस ३ लाख रुपये थकबाकी मिळणार आहे, असे मानू. साहाय्यकाने चौथा हिस्सा ठरविला असेल, तर एक प्रतिज्ञापत्र व एक अर्ज यांची किंमत ७५,००० रुपये होते. येथे मोबदला श्रमाच्या प्रमाणात न राहता शासनाकडून झालेल्या विलंबाच्या प्रमाणात वाढतो. विलंब जितका मोठा, तितका साहाय्यकाचा लाभ अधिक.

विद्यमान कायदेशीर स्थिती :

निवृत्तिवेतन अधिनियम, १८७१ हा या विषयाचा मूळ आधार होय. त्याच्या कलम ११ अन्वये गतसेवेबद्दल वा विद्यमान अपंगत्वाबद्दल शासनाने दिलेले निवृत्तिवेतन धनकोच्या मागणीवरून जप्त करता येत नाही. कलम १२ अन्वये अद्याप देय न झालेल्या रकमेचे हस्तांतरण किंवा तीवर हक्क निर्माण करणारा करार निरर्थक ठरतो. म्हणजे येणाऱ्या निवृत्तिवेतनाचा हिस्सा लिहून घेणाऱ्यास त्या कागदाच्या आधारे वसुली करता येत नाही. परंतु हा कायदा करार रद्द ठरवितो. तसा करार करणाऱ्यास शिक्षा देत नाही. शिवाय रक्कम बँकेत जमा होताच रोखीने घेतली, तर कागदाचा प्रश्नच उरत नाही.

वकिलांबाबत स्थिती अधिक स्पष्ट आहे. निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरविण्यास किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेण्यास भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी मनाई केली आहे. याचा परिणाम विचित्र आहे. शिस्तीच्या नियमांनी बांधलेल्या वकिलास जे निषिद्ध आहे, ते कोणतीही पात्रता नसलेल्या सल्लागारास व्यवसाय-नियमाने निषिद्ध नाही. सल्लागाराविरुद्ध ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये तक्रार करण्याचा मार्ग आहे, पण तो नुकसान झाल्यानंतरचा उपाय होय.

मोफत साहाय्याची तरतूदही कायद्यात आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ अन्वये स्त्रिया तसेच अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी सेवेस पात्र आहेत. त्यामुळे या तालुक्यांतील प्रत्येक वीरपत्नी व पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी समाजाचा प्रत्येक माजी सैनिक हिचा लाभ घेऊ शकतो. सैनिक कल्याण मंडळांत विधी साहाय्य केंद्रे चालविण्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली.

अमेरिकेचा अनुभव :

या प्रश्नाचा दीर्घ अनुभव अमेरिकेस आहे. यादवी युद्धाच्या काळात, १८६४ मध्ये, तेथे दावा-साहाय्यकाच्या शुल्कावर १० डॉलरची मर्यादा आली. ती शतकाहून अधिक काळ टिकली आणि १९८५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने वैधही ठरविली. पण इतक्या अल्प शुल्कात कुशल वकील मिळणे दुरापास्त झाले. १९८८ च्या कायद्याने मर्यादा बदलली. आता मान्यताप्राप्त प्रतिनिधीस पहिल्या निर्णयानंतरच शुल्क घेता येते. थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतचे शुल्क वाजवी मानले जाते. मात्र २००६ मध्ये नियमभंगाबद्दलची फौजदारी शिक्षा काढून टाकण्यात आली आणि पुढे मान्यता न घेता शुल्क आकारणाऱ्या कंपन्या फोफावल्या. यातून दोन बोध मिळतात : मर्यादा फार कमी असेल तर मदतच नाहीशी होते, आणि शिक्षेविना मर्यादा असेल तर ती कागदावर राहते.

नियमनाची दिशा :

भारतीय संघराज्याचे निवृत्तिवेतन हा केंद्रसूचीतील विषय (नोंद ७१) आहे. परंतु विविध व्यवसाय हा समवर्ती सूचीतील विषय (नोंद २६) आहे. त्यामुळे साहाय्यकाच्या व्यवसायाचे नियमन राज्यासही करता येईल. त्यासाठी पुढील उपाय विचारार्ह आहेत.

१) वकील नसलेल्या प्रत्येक सशुल्क साहाय्यकाची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी व्हावी आणि ती यादी तहसील कार्यालयात लावावी.

२) हयातीचा दाखला, नावदुरुस्ती व प्रथम अर्ज यांसाठी ठराविक दर असावा, टक्केवारी पूर्णतः निषिद्ध असावी. अपिलासाठी श्रमानुसार कमाल मर्यादा ठरवावी.

३) करार मराठीत लेखी असावा व प्रत्येक रकमेची पावती द्यावी.

४) बँकेचे पासबुक, एटीएम कार्ड, ओटीपी किंवा कोऱ्या कागदावरील सही घेणे हा दंडनीय अपराध ठरावा.

५) जुन्नर व घोडेगाव येथे दरमहा ठरलेल्या दिवशी कल्याण संघटक व तालुका विधी सेवा समितीचा वकील एकत्र उपलब्ध असावेत.

यांतील पाचवा उपाय सर्वाधिक महत्त्वाचा आहे. मोफत व विश्वासार्ह मदत जवळ नसेल, तर केवळ बंदीमुळे दलाल नाहीसा होत नाही. तो फक्त पावती देणे बंद करतो.

समारोप :

सैनिकाचे निवृत्तिवेतन ही शासनाची मेहेरबानी नसून त्याने केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे. तो हक्क पदरात पाडून घेण्यासाठी त्याचाच एक हिस्सा गमवावा लागणे, हे व्यवस्थेचे अपयश होय. कायदा होईपर्यंतही काही करता येण्याजोगे आहे. ग्रामीण महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजना व राष्ट्रीय छात्रसेना यांच्या विभागांनी, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, अर्ज भरून देणारे मदत केंद्र चालविल्यास मध्यस्थाची निम्मी गरज संपेल. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये १० रुपये शुल्क भरून स्वतःच्या प्रकरणाची कागदपत्रे मागता येतात, एवढी माहिती जरी घरोघरी पोहोचली, तरी वीरपत्नीस कोणाच्याही दारी टक्केवारी ठरविण्यासाठी जावे लागणार नाही.