बाद फेरीतील खेळाचे मूल्यमापन आणि फटक्यांची आकडेवारी

खेळाडूची योग्यता निर्णायक सामन्यांतील यशापयशावरून ठरविण्याची प्रथा सर्वत्र आढळते. ‘ऐन वेळी कच खाणारा’ किंवा ‘मोक्याच्या क्षणी उभा राहणारा’ ही विशेषणे बहुधा दोन-चार सामन्यांतूनच जन्म पावतात. ती कितपत साधार असतात, या प्रश्नाचा विचार बर्फावरील हॉकीच्या क्षेत्रात विशेष काटेकोरपणे झालेला आहे.

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या २०२३-२४ च्या हंगामात प्रत्येक संघ साखळीचे ८२ सामने खेळला. त्यानंतरच्या बाद फेरीत मात्र एका प्रतिस्पर्ध्याशी चार ते सात सामनेच होतात. या खेळात गोलच्या रोखाने मारलेल्या शंभर फटक्यांपैकी सुमारे दहा सफल होतात. आता एखादा आघाडीचा खेळाडू दर सामन्यास सरासरी तीन फटके मारतो असे मानू. ८२ सामन्यांत त्याचे २४६ फटके व सुमारे २५ गोल होतील. पाच सामन्यांत मात्र फटके १५ आणि अपेक्षित गोल दीडच. प्रत्येक फटका चुकण्याची शक्यता दहांत नऊ असल्याने पंधराही फटके वाया जाण्याची शक्यता सुमारे २१ टक्के ठरते. म्हणजे खेळात तिळमात्र उणेपणा न येताही असा खेळाडू पाचांतून एकदा रिक्तहस्त परतेल. त्याच्यावर ‘कच खाल्ली’ असा ठपका ठेवणे युक्त नव्हे.

फटक्यांच्या संख्येची गोष्ट निराळी आहे. अपेक्षित पंधरांच्या जागी त्याने सहाच फटके मारले, तर फटके परस्परांवर अवलंबून नाहीत असे गृहीत धरल्यास, केवळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता शंभरांत एकाहूनही कमी आहे. येथे काही खरोखर बदलले आहे, असे मानण्यास आधार मिळतो. दुखापत, बदललेले स्थान किंवा प्रतिपक्षाचा कडेकोट बचाव यांपैकी कारण कोणते, हे मात्र खेळ पाहूनच ठरवावे लागते.

भाषाभ्यासकास हा विचार अपरिचित नाही. शंभर शब्दांच्या उताऱ्यात एखादा विरळ शब्द आढळला नाही, म्हणून लेखकास तो अवगत नाही असे कोणी म्हणत नाही. परंतु त्याच उताऱ्यात क्रियापदेच आढळली नाहीत, तर शैलीविषयी काही बोलता येते. गोल हा विरळ शब्दासारखा आहे, फटका क्रियापदासारखा.

तथापि फटक्यांची नुसती मोजदादही पुरेशी नाही. दुरून, तिरक्या कोनातून मारलेला फटका आणि गोलरक्षकासमोरून मारलेला फटका यांचे मोल सारखे नसते. म्हणून अलीकडे अंतर व कोन लक्षात घेऊन प्रत्येक फटक्यास अपेक्षित गोलाचा अंश दिला जातो. शिवाय खेळाडू किती वेळ मैदानावर होता, हेही पाहिले पाहिजे.

बीड जिल्ह्याला या विवेचनाचा प्रत्यय देणारे उदाहरण क्रिकेटमध्ये सापडते. बीडचा सचिन धस हा २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात खेळला. ६ फेब्रुवारीच्या उपांत्य सामन्यात भारताचे चार गडी ३२ धावांत बाद झाले असता त्याने ९५ चेंडूंत ९६ धावा काढल्या आणि भारताने दक्षिण आफ्रिकेवर विजय मिळविला. ११ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात तो ९ धावांवर बाद झाला आणि ऑस्ट्रेलियाने ७९ धावांनी विजय मिळविला. पहिल्या डावावरून तो ‘मोक्याचा’ आणि दुसऱ्यावरून ‘कच खाणारा’ ठरावा काय? पाच दिवसांत माणूस बदलत नाही. बदलतो तो नमुना, आणि एका डावाचा नमुना अत्यंत तोकडा असतो.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. दिंद्रुडसारख्या गावातील मुलास निवडकर्त्यांसमोर येण्याची संधी बहुधा शालेय बाद स्पर्धेतूनच मिळते, आणि तेथे एका पराभवाने स्पर्धा संपते. शहरातील खेळाडूस वर्षभराचे सामने उपलब्ध असतात. या मुलाच्या नावावर दोनच. त्या दोन सामन्यांत गोल झाला नाही एवढ्यावरून त्याला वगळणे म्हणजे योग्यतेऐवजी योगायोगाची निवड करणे होय. त्याने किती वेळा व कोठून गोलचा वेध घेतला, याची साधी नोंद वहीत ठेवण्यास एक पेन्सिल पुरते. अशा नोंदीने निर्णय अचूक होईलच असे नाही. तो अधिक न्याय्य मात्र निश्चित होईल.