मातीखालचा मोगली रुपया

शेत नांगरताना किंवा जुन्या वाड्याचा पाया उकरताना नाण्यांचे मडके हाती लागले की, त्याची वार्ता कचेरीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच ते पुष्कळदा सोनाराच्या मुशीत गेलेले असते. चांदीचे मोल मिळते, पण नाण्यावरचा मजकूर कायमचा नाहीसा होतो. जालना जिल्ह्याच्या दृष्टीने ही हानी लहान नव्हे.

१६३६ मध्ये अहमदनगरची निजामशाही संपुष्टात आली आणि या मुलखावर मोगलांचा अंमल स्थिर झाला. त्यांच्या चलनाचा कणा म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅम वजनाचा, जवळजवळ शुद्ध चांदीचा रुपया. सोन्याची मोहोर प्रामुख्याने संचयासाठी व नजराण्यासाठी असे. किरकोळ व्यवहार तांब्याच्या नाण्यांवर चालत. अकबराच्या काळी एका रुपयास चाळीस दाम हा सरकारी हिशेब होता, तरी बाजारातील भाव कमीजास्त होई. पुढे तांब्याची टंचाई भासू लागल्यावर औरंगजेबाने तांब्याच्या नाण्याचे वजनच सुमारे एकतृतीयांशाने घटविले.

आपल्या देशात चांदीच्या खाणी फारशा नाहीत. मग एवढे रुपये आले कोठून? अमेरिकेतील स्पॅनिश वसाहतींमधील चांदी युरोपमार्गे सुरतेस येई आणि येथील कापड, नीळ यांच्या मोबदल्यात देशात उतरे. टांकसाळीचा दरवाजा सर्वांना खुला होता. कोणीही व्यापारी धातू आणून, ठरलेली फी भरून रुपये पाडून घेऊ शके. दख्खनमध्ये बुऱ्हाणपूर, दौलताबाद व औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे टांकसाळी होत्या. औरंगाबादच्या नाण्यांवर पुढे ‘खुजिस्ता बुनियाद’ हे त्या शहराचे दुसरे नाव येते. ते वाचून हे एखादे दूरचे गाव असावे, असा कोणाचाही समज व्हावा.

नाणे जुने झाले की त्यावर बट्टा बसे. चालू सालाचा ‘सिक्का’ रुपया पूर्ण किमतीस चाले. मागील सालांचे ते ‘चलनी’, आणि पूर्वीच्या बादशहांच्या काळातील ते ‘खजाना’. त्यांची किंमत उतरत जाई. ही वजावट ठरविणारा सराफ हाच बाजाराचा खरा नियंता होता. सरकारी देणे चालू नाण्यात भरावयाचे झाल्यास बट्ट्याचा भार शेवटी रयतेवर पडे, हे सांगावयास नकोच. शिवाय दक्षिणेत सोन्याचा होन पूर्वापार मान्यता पावलेला होता, आणि १६७४ च्या राज्याभिषेकानंतर ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेली तांब्याची शिवराई देवनागरीतून स्वराज्याची साक्ष देऊ लागली. त्यामुळे एकाच मडक्यात निरनिराळ्या सत्तांची नाणी मिळाली, तर त्यात नवल नाही.

ही नाणी जमिनीत का गेली, याचे उत्तर जालन्याच्या इतिहासातच आहे. १६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजा मोगलांच्या या संपन्न पेठेवर चालून आल्या. त्या वेळी अनेक सावकारांनी आपली दौलत शहराबाहेर जान महंमद या साधुपुरुषाच्या आश्रयस्थानी हलविली होती, असे इतिहासकार नमूद करतात.  धामधुमीच्या दिवसांत जमीन हाच भरवसा. पुरणारा परतला नाही, तर ठेवा तसाच राही.

मोगली नाणे वाचणे वाटते तितके कठीण नाही. एका बाजूस बादशहाचे नाव व बहुधा हिजरी सन असतो. दुसऱ्या बाजूस ‘जुलूस’ या शब्दाबरोबर राज्यारोहणापासूनचे वर्ष आणि ‘जर्ब’ या शब्दाबरोबर टांकसाळीचे नाव असते. शहाजहानच्या बहुतेक नाण्यांवर कलमा आढळतो. औरंगजेबाने तो नाण्यांवर घालणे बंद केले. शिक्षकांनी फारसी अंकांचा एक तक्ता वर्गात लावला, तर मुलांनाही सन वाचता येईल.

आता कायद्याविषयी. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास सापडणाऱ्याने त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, स्थळ व तारीख जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविली पाहिजे आणि ठेवा नजीकच्या सरकारी कोषागारात जमा केला पाहिजे, अथवा तो हजर करण्याबद्दल जामीन दिला पाहिजे. सरकार सर्व काही हिरावून घेते, ही गावोगावची समजूत निराधार आहे. ठेवा शंभर वर्षांहून जुना व बेवारस ठरला आणि वेगळा करार नसला, तर सर्वसाधारणपणे तीनचतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याचा व एकचतुर्थांश जागेच्या मालकाचा. सरकारने तो संपादन केल्यास धातूच्या किमतीवर आणखी एकपंचमांश रक्कम मिळते. माहिती दडविल्यास मात्र सापडणाऱ्याचा हिस्सा जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सरपंच व तलाठी यांनी ही तरतूद ग्रामसभेत एकदा वाचून दाखवावी.

नाणी चिंच, राख वा आम्ल लावून घासू नयेत, अक्षरे झिजतात. मडके फुटले असल्यास खापऱ्याही जपाव्यात, आणि नाणी आपापसांत वाटून घेऊ नयेत. मडक्यातील सर्वांत अलीकडचे नाणे ज्या सालाचे, त्यापूर्वी तो ठेवा पुरलेला असूच शकत नाही. तेच एक नाणे कोणाच्या खिशात राहिले, तर उरलेल्यांवरून काढलेला काळ चुकतो.