एका आकड्यावर जाऊ नका

गर्भारपणाच्या सहाव्या आठवड्यात थोडं अंगावरून गेलं की डॉक्टर चिठ्ठीवर 'बीटा एचसीजी' लिहून देतात. रिपोर्टमध्ये आकडा येतो, समजा ११००, आणि संध्याकाळपर्यंत अख्खं घर मोबाइलवर त्याचा अर्थ शोधत बसतं. तो तिथे सापडत नाही. एकाच आठवड्यातल्या दोन निरोगी गर्भांचे आकडे कितीतरी पटींनी वेगळे असू शकतात. खरं उत्तर असतं ४८ तासांनी पुन्हा काढलेल्या रक्तात.

एचसीजी हे संप्रेरक तयार करतात पुढे वार बनणाऱ्या पेशी. त्या वाढत असतील तर आकडा चढतो. पहिला आकडा १५०० च्या खाली असेल, तर दोन दिवसांत निदान ४९ टक्के वाढ अपेक्षित असते. 'दुप्पट झालाच पाहिजे' हा हट्ट आता सोडायला हवा. आकडा उतरला तर बहुधा गर्भ टिकत नाही. रेंगाळला, तर गर्भ नलिकेत अडकल्याचीही शंका घ्यावी लागते. शेवटचा शब्द सोनोग्राफीचा. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर भरूनही ठोके नाहीत, किंवा गर्भाभोवतीचं आवरण (सॅक) २५ मिलिमीटर होऊनही आत गर्भ नाही, तर गर्भपाताचं निदान पक्कं. त्याआधी गर्भपिशवी साफ करण्याची घाई कशाला?

प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. सुरुवातीचे काही आठवडे ते अंडाशयातल्या पीतपिंडातून येतं आणि पीतपिंडाला जगवतं ते एचसीजी. म्हणजे गर्भ खंगू लागला की प्रोजेस्टेरॉनही घसरतं. अनेकदा ते कारण नसून परिणाम असतो. तरी आपल्याकडे सरसकट त्याची इंजेक्शनं टोचली जातात. ब्रिटनमधल्या 'प्रिझम' चाचणीत (२०१९) रक्तस्राव होणाऱ्या ४१५३ स्त्रिया होत्या. औषध घेतलेल्यांपैकी ७५ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ७२ टक्के जणींना जिवंत मूल झालं. हा फरक ठाम निष्कर्षाला पुरेसा नव्हता. फायद्याची चिन्हं दिसली ती रक्तस्रावासोबत आधीही गर्भपात झालेल्यांमध्ये.

गर्भपातात चयापचयाचा वाटा मात्र खरा आहे. आटोक्याबाहेरची साखर गर्भपाताचा धोका वाढवते. म्हणून मधुमेह असेल तर दिवस राहण्याआधीच साखरेचा एचबीए१सी हा आकडा ६.५ टक्क्यांखाली आणायला सांगतात. थायरॉइडही तपासून घ्यावं. पण पहिल्या तीन महिन्यांतल्या जवळपास निम्म्या गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक असते. जिना चढल्याने किंवा ऑफिसला गेल्याने ती होत नाही. त्यामुळे 'तू काय केलंस?' हा सासरमाहेरचा प्रश्नच चुकीचा.

दुसरं रक्त शक्यतो त्याच लॅबमध्ये द्या. आणि आकडा कितीही कमी असो, पोटात एका बाजूला जोराची कळ आली, खांदा दुखू लागला किंवा भोवळ आली, तर रिपोर्टची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.