मोठा तंबोरा म्हणजे चांगला तंबोरा नव्हे

तंबोरा घ्यायचा म्हटलं की चौकशी सुरू होते ती आकार, नक्षी आणि किंमत यांची. मेल घ्यावा की फिमेल, भोपळा केवढा आहे, दांडीवर काम कसलं केलंय, वाद्य किती जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात मिरजेत फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. हत्यारं घडवणाऱ्या-परजणाऱ्या शिकलगार घराण्यांतला हा हात सतारीकडे आणि तंबोऱ्याकडे वळला आणि आजही सांगली जिल्ह्यातलं हे गाव देशभरच्या गवयांना तंबोरे पुरवतं. सगळे प्रकार एकाच कारखान्यात शेजारीशेजारी तयार होत असल्यामुळे त्यांची तुलना करायला मिरजेइतकी सोयीची जागा नाही. आणि तशी तुलना केली की बाजारातल्या बऱ्याच समजुती टिकत नाहीत. एका तंबोऱ्याला दुसऱ्याहून वेगळं करतात त्या मुख्यतः दोन गोष्टी: गाणाऱ्याची पट्टी आणि घोडीवरची जवारी.

सर्वांत रुजलेला गैरसमज नावातूनच आला आहे. मेल तंबोरा पुरुषांचा आणि फिमेल तंबोरा बायकांचा, असं सरसकट मानलं जातं. खरं तर ही नावं पट्टीची आहेत. पुरुषांची पट्टी बहुधा पेटीवरच्या काळी एकच्या आसपास आणि बायकांची काळी चारच्या आसपास असते, एवढाच त्यांना आधार. काळी एकचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, काळी चारचा सुमारे २०८ हर्ट्झचा. दोघांत पंचमाचं, म्हणजे दीडपटीचं अंतर आहे. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे लांबी आणि जाडी तीच ठेवून तार दीडपट चढवायची, तर ताण सव्वादोनपट करावा लागतो. चारही तारांचा एवढा भार मोठ्या, म्हणजे मेल तंबोऱ्याची तबली (भोपळ्यावर बसवलेली लाकडी पाटी) फार काळ सोसत नाही, ती दबू लागते. उलट लहान तंबोरा काळी एकवर उतरवला तर ताण निम्म्याहूनही कमी होतो आणि तार लोळते. तारांची जाडी बदलून हे भागणार नाही का, असा प्रश्न कुणी विचारील. एखाद-दुसऱ्या पट्टीपुरतं भागतं. त्यापुढे आखूड वाद्यावरची जाड तार ताठ होते आणि तिच्यातले वरचे स्वर किंचित चढे निघतात, तर लांब वाद्यावरच्या बारीक तारेत मोठी तबली हलवण्याचं बळ उरत नाही. वाद्याची लांबी अशी पट्टीला बांधलेली असते. गाणारा पुरुष की स्त्री, याच्याशी तिचा थेट संबंध नाही. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज चढ्या पट्टीचा होता. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हनगल. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर गंगूबाईंचा आवाज खाली उतरला आणि त्याच भरदार आवाजाने त्यांनी पुढची कित्येक दशकं मैफली गाजवल्या. एकाच परंपरेतली ही दोन उदाहरणं ‘मेल-फिमेल’ची विभागणी मोडीत काढायला पुरेशी आहेत.

दुसरा गैरसमज असा की तंबोऱ्याचा नाद भोपळ्यातून येतो आणि म्हणून भोपळा जितका मोठा तितकं वाद्य सरस. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येणारे हे भोपळे निवडायला नजर लागते, त्यांची जाडी आणि वाळणं महत्त्वाचं असतं, यात शंका नाही. पण ज्या झंकारासाठी तंबोरा ऐकावासा वाटतो तो जन्म घेतो घोडीवर. गिटारसारख्या वाद्यात तार घोडीच्या धारदार कडेवर टेकते. तंबोऱ्यात ती एका रुंद, अगदी किंचित उताराच्या पृष्ठभागावरून जाते; हा बारीक उतार म्हणजेच जवारी. कंप पावताना ती त्या उताराला पुन्हापुन्हा स्पर्श करते आणि कंप ओसरेल तशी स्पर्शाची जागा सरकत जाते. म्हणून एकाच तारेतून एकामागून एक स्वर उमलल्यासारखे ऐकू येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये नेमकं यावरच लिहिलं. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असतो, ते उपस्वर उमटू नयेत, असा तंतुवाद्यांचा जुना नियम आहे. वीणा आणि तंबोऱ्यात मात्र तेही स्पष्ट उमटतात, आणि याचं कारण रामन यांनी घोडीच्या रचनेत दाखवलं. खर्जाच्या तारेतून निघणारा स्वयंभू गंधार हा तिचा पाचवा उपस्वर. जवारी नीट नसेल तर कितीही मोठ्या भोपळ्यातून तो मिळत नाही.

जवारी काढण्याचं काम पाहिलं तर ते दिसायला फार साधं असतं. कारागीर तार सैल करतो, घोडीच्या माथ्यावर कानशीचे दोन-चार हलके हात फिरवतो, तार पुन्हा सुरात आणतो आणि ऐकतो. मग परत सैल करतो. एका तारेसाठी हे कितीदा करावं लागेल ते आधी सांगता येत नाही, कारण घासून गेलेलं परत लावता येत नाही. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून नाद जिथे खुलतो तिथे तो थांबवायचा. दोरा घातला की जवारी आपोआप लागते, असं बऱ्याच शिकणाऱ्यांना वाटतं. पण उतार चुकला असेल तर दोरा काहीच करू शकत नाही.

मग लाकडावर पैसे का घालायचे? कारण जवारीने निर्माण झालेले उपस्वर बाहेर कसे पडतील आणि किती वेळ टिकतील, हे तबली आणि दांडी ठरवतात. कच्च्या लाकडाच्या वाद्यात उत्तम जवारीही वाया जाते. नक्षीचं तसं नाही. ती सुंदर असते, तिला कसब लागतं, पण सुरात ती भर घालत नाही. जुन्या वाद्यांबद्दलची श्रद्धा अर्धी खरी आहे. लाकूड मुरतं हे खरं, पण वर्षानुवर्षांच्या ताणाने तबली दबते, घोडीवर तारांचे चर पडतात आणि दुरुस्ती न झालेलं जुनं वाद्य नव्यापेक्षा मुकं असू शकतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. ते व्हायलाच हवं होतं, कारण बनावट ‘मिरज’ मालाला आता आळा घालता येईल. पण ते मानांकन वाद्याचं मूळ सांगतं. तुमच्या हातातल्या तंबोऱ्याची जवारी तुमच्या पट्टीला जमली आहे का, हे त्यावरून कळत नाही.

मोबाइलवरचा तानपुरा स्वर अचूक देतो, मग खऱ्या तंबोऱ्याची गरज काय, हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. रोजच्या रियाजाला ते साधन उपयोगी आहे आणि बेसूर तंबोऱ्यापेक्षा कितीतरी बरं. पण काळी एकचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो आणि फोनच्या बोटभर स्पीकरला तो पेलत नाही. शिवाय एकच ध्वनिमुद्रण ओढूनताणून साऱ्या पट्ट्यांना वापरलं असेल, तर लांबी आणि पट्टीचं जे नातं वर पाहिलं तेच तुटतं: चढ्या पट्टीत लहान वाद्य ऐकू येण्याऐवजी मोठंच वाद्य घाईने वाजल्यासारखं वाटतं.

म्हणून मिरजेला मागणी नोंदवताना मेल की फिमेल हे सांगण्याआधी आपली पट्टी कळवावी, आणि जवारी त्याच पट्टीत तारा मिळवून काढून मागावी. पट्टी पुढे बरीच बदलली, किंवा तारांचे चर घोडीवर दिसू लागले, तर ती पुन्हा काढून घ्यावी लागेल. हा दोष समजून कुणी वाद्य विकायला काढू नये.